टिन बिशपचा आवाज जड कुणी केला?

क्लाइव्ह फेरिडेच्या घरातलं जेवणाचं टेबल अकरा वर्षांपूर्वी नाहीसं झालं. म्हणजे टेबल होतं जागेवरच, पण त्याच्यावर कागद, कात्रणं, जुने फोटो आणि मैफलींच्या तिकिटांचे तुकडे यांचा एवढा ढीग साचला की खाली लाकूड आहे हे फक्त ग्लेनिसला आठवत होतं, कारण ते टेबल तिच्या आईचं होतं. अकरा वर्षं नवराबायको मांडीवर ताटली घेऊन जेवत होते, नाताळलासुद्धा. ग्लेनिसने सुरुवातीला आरडाओरडा केला, मग टोमणे मारले, मग मुकाट्याने ताटली मांडीवर घेतली. फक्त दर रविवारी ती एक प्रश्न विचारायची.

"झालं का रे?"

"शेवटचं प्रकरण चाललंय."

"कुणाचं?"

"ड्रमवाल्याचं."

"अजून तोच? मेला की आहे?"

"ग्लेनिस! तो माणूस महान आहे."

"असेना. माझ्या आईच्या टेबलावरून उठव त्याला."

क्लाइव्ह पुस्तक लिहीत होता. विषय अर्थातच टिन बिशप हा आमचा रॉक बँड. इंग्लंडातल्या आमच्या विलेनहॉलमध्ये कुलपं बनतात, आणि दिवसभर लोखंडाचा खणखणाट ऐकणाऱ्या माणसांना संध्याकाळीही तसलंच काहीतरी लागतं. ते पुरवायचं काम पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी शेजारच्या बिलस्टनच्या चार पोरांनी केलं. चार पोरं असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात बारा वर्षांत त्या बँडमध्ये सतरा जण आले आणि गेले. कुणी भांडून गेला, कुणी लग्न करून गेला, एक जण दाढ दुखतेय म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. त्यामुळे टिन बिशपच्या चाहत्यांना गाण्यांहूनही लाडका असा एक विषय मिळाला: कोण आल्यामुळे बँड सुधारला आणि कोण आल्यामुळे बिघडला.

एका गोष्टीवर मात्र सगळ्या विलेनहॉलचं एकमत होतं. पहिल्या तीन रेकॉर्डी म्हणजे नुसत्या माकडउड्या. मग चौऱ्याहत्तर साली चौथी रेकॉर्ड आली आणि काहीतरी घडलं. गाणी संथ झाली, जड झाली, गायकाचा आवाज विहिरीच्या तळाशी जाऊन बसला. थ्री टम्बलर्स या आमच्या पबमध्ये चौथीचा विषय निघाला की म्हातारे अजूनही हातातला ग्लास खाली ठेवतात. वाद होता तो एवढाच, की हे केलं कुणी? कारण चौथीच्या आधी दोन माणसं बदलली होती. ड्रमवर लेन हॅकेट आला आणि बास गिटारवर ऑली नॉक.

क्लाइव्ह म्हणायचा, हॅकेटने केलं. त्याचा जिवलग मित्र मॉरिस टॉन्क्स म्हणायचा, नॉकने केलं. हे दोघे शाळेत एका बाकावर बसले, एकाच कारखान्यात कुलपं जुळवत निवृत्त झाले, आणि एकावन्न वर्षं दर मंगळवारी पबच्या एकाच कोपऱ्यात बसून त्याच वादात एकमेकांचं रक्त आटवत आले.

"ड्रम म्हणजे इंजिन," क्लाइव्ह म्हणायचा. "इंजिन सावकाश, की गाडी सावकाश."

"आणि बास म्हणजे गाडीतला माल," मॉरिस म्हणायचा. "माल जड असला तर तुझं इंजिन काय डोंबल पळणार?"

तिसरं एक मत होतं, पण ते वॉल्सॉलचं, म्हणून आम्ही ते मोजत नसू. टिन बिशप चाहता मंडळाच्या वॉल्सॉल शाखेचं म्हणणं असं, की काही घडलंच नाही. चौथी रेकॉर्ड तिसरीसारखीच धावते, विलेनहॉलवाले उगाच सुतकी चेहरे करून बसतात. यावरून एक्याऐंशी साली मंडळ फुटलं. वॉल्सॉलला घोड्यांची खोगिरं बनतात, त्यामुळे त्यांच्या कानात चामडं भरलंय, एवढं बोलून आमच्या लोकांनी तो विषय कायमचा मिटवला.

तसे क्लाइव्हच्या मताला धक्के बसले नव्हते असं नाही. पंचाहत्तर साली तो आणि मॉरिस वुल्व्हरहॅम्प्टनला टिन बिशपची मैफल ऐकायला गेले, तर सगळी गाणी भरधाव. "स्टेजवर चढलं की माणूस बावरतो आणि घाई करतो," क्लाइव्हने निदान केलं. रेडिओवर चौथी लागली, तीही भरधाव. "बातम्यांच्या आत संपवायचं असतं ना, म्हणून पळवतात." मग सीडी आल्या. त्यातही तेच. "एवढ्याशा तबकडीत मावायचं म्हणजे आवळूनच बसवणार," असं म्हणून क्लाइव्हने सीडी घरात येऊ दिली नाही. या प्रत्येक निदानाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण होतं.

तर अखेर पुस्तक छापून आलं. चारशे बारा पानं. प्रकाशन शनिवारी दुपारी, थ्री टम्बलर्सच्या मागच्या खोलीत. आणि क्लाइव्हने असा डाव टाकला की मॉरिसचा घोटच अडकला. प्रमुख पाहुणा म्हणून त्याने साक्षात लेन हॅकेटला बोलावलं होतं.

"जिवंत आहे?" मॉरिसने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. टेलफर्डला राहतो, पोपट पाळतो. येतो म्हणालाय. आणि तो सगळ्यांदेखत सांगणार, की बँड मी जड केला. मग तू काय करशील?"

"मग मी सगळ्यांदेखत कबूल करीन की मी एकावन्न वर्षं गाढव होतो," मॉरिस म्हणाला. "आणि तो नाही म्हणाला तर?"

"म्हणणारच नाही."

"पण म्हणाला तर?"

"तर पुस्तक मागे घेईन. एकूण एक प्रत."

ग्लेनिस कोटाची बटणं लावत दारात उभी होती. तिने हे ऐकलं आणि एक बटण भलत्याच काजात घातलं. अकरा वर्षांची जेवणं एका म्हाताऱ्या पोपटवाल्याच्या जिभेवर टांगलेली आहेत हे कळल्यावर कुठल्याही बाईचं बटण चुकेल.

शनिवारी सकाळी नवी कटकट निघाली. क्लाइव्हला स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर न्यायचा होता.

"पबमध्ये आहे की एक," ग्लेनिस म्हणाली.

"त्यात खरा आवाज येत नाही."

"आणि हा लोखंडी ठोकळा?"

"तो लावल्याशिवाय प्लेअर जळेल."

ठोकळा म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वजनाला लहान डुकराएवढा. तो ग्लेनिसच्या भाजी आणायच्या, चाकं लावलेल्या पिशवीत घातला. प्लेअर रजईत गुंडाळून मॉरिसने पोटाशी धरला. चर्चच्या कोपऱ्यावर पिशवीचं चाक निखळलं, मग ठोकळा दोघांनी मिळून उचलला आणि प्लेअर ग्लेनिसने. "लग्नात मला एवढं जपून नाही आणलंस घरी," ती म्हणाली. क्लाइव्हला दम लागला होता, त्यामुळे तो उत्तर देण्यापासून वाचला.

मागची खोली भरली होती. विलेनहॉल शाखेचे चाळीसेक जण, सगळे साठीच्या पुढचे, अंगात बँडचे काळे टी-शर्ट आणि त्यावर ढेरीमुळे रुंदावलेलं बिशपचं चित्र. टेबलावर कांदा-चीज भरलेले पाव आणि डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे. आणि मागच्या रांगेत, हाताची घडी घालून, वॉल्सॉल शाखेचे सात जण. क्लाइव्हनेच त्यांना आमंत्रण धाडलं होतं, पुराव्यासकट गाडण्यासाठी. त्यांची अध्यक्ष रोवेना ब्लॉक्सिज, बहात्तर वर्षांची, चाळीस वर्षं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान चालवलेली. चष्मा गळ्यात, जीभ तोंडात कधीच नाही.

"फेरिडे," ती म्हणाली, "चारशे बारा पानं? बायबलमध्ये तरी इतक्या थापा आहेत का रे?"

"पुरावा ऐक, मग बोल," क्लाइव्ह म्हणाला.

इतक्यात लेन हॅकेट आला. क्लाइव्हच्या डोळ्यांसमोर दरवाजातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस होता. आला तो एक किडकिडीत, इस्त्रीच्या कोटातला, काखेत स्वतःची उशी घेऊन आलेला म्हातारा. क्लाइव्हचं स्वागताचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने दोन पाव संपवले होते.

"काय छान पत्र लिहिलंत हो, काय छान, पन्नास वर्षांत कुणी बोलावलं नाही, पहिलेच तुम्ही, कुठे बसू, इथे बसू?" हे सगळं त्याने एका श्वासात विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बसला.

क्लाइव्हने पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि दोनशे अकराव्या पानावरचं वाक्य वाचलं. "लेन हॅकेट या माणसाने रॉक संगीताला थांबायला शिकवलं."

"मी?" लेन म्हणाला.

"तुम्ही," क्लाइव्ह म्हणाला. त्याने चौथी रेकॉर्ड स्वतःच्या प्लेअरवर चढवली आणि सुई दुसऱ्या गाण्यावर टेकवली. ड्रमचा ठोका पडला, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा पडला. मधल्या जागेत माणसाने अर्धं आयुष्य आठवून घ्यावं. चाळीस माणसांनी ग्लास खाली ठेवले.

लेन मान तिरकी करून ऐकत होता. त्याचा एक पाय अस्वस्थपणे हलत होता.

"छान आहे," तो म्हणाला. "कोण वाजवतंय?"

सगळे हसले. मोठी माणसं अशी गंमत करतातच.

"तुम्हीच," क्लाइव्ह म्हणाला.

"मी? छे हो. गाणं आमचंच आहे, पण हा कोण? हा झोपलाय."

"हॅकेटसाहेब, चौथी रेकॉर्ड, पहिली बाजू, दुसरं गाणं. सतरा फेब्रुवारीला तुम्ही ते स्टुडिओत वाजवलंत. एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर आहे. तुम्हाला आठवत नसेल."

"आठवत कसं नाही? त्या दिवशी मला जुलाब होत होते. पटकन उरकून पळालो मी!"

"मनातून तुम्ही शांत होता. तेही लिहिलंय मी."

"अहो, घाई करतो म्हणूनच दोन वर्षांत हाकललं मला!" लेन उठून उभा राहिला. "गायकाने माझ्या ड्रमवर खडूने लिहून ठेवलं होतं, 'सावकाश, गाढवा.' ते पुसलं जायचं तर नंतर रंगाने लिहिलं. आणि तुम्ही मला सांगता हा मी?"

क्लाइव्ह पांढराफटक पडला. मॉरिसला मात्र जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्याने टेबलावर थाप मारली.

"ऐकलंत सगळ्यांनी? ड्रमवाला नव्हे! म्हणजे बास! म्हणजे ऑली नॉक!"

"ऑली?" लेन म्हणाला. "तो तर माझ्याही पुढे पळायचा. आम्ही शर्यत लावायचो, गाणं आधी कोण संपवतो म्हणून. जिंकायचा बहुतेक तोच."

मॉरिस खाली बसला. खोलीत कुजबुज सुरू झाली. गायक शुद्धीवर नसेल, असं एक जण म्हणाला. स्टुडिओत थंडी असेल, दुसरा म्हणाला. हॅकेट म्हातारा झालाय, त्याला काय आठवणार, असं तिसरा लेनच्या कानाशीच म्हणाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून रोवेना उठली. ती रांगेरांगेने वाट काढत पुढे आली, चष्मा डोळ्यांवर चढवला, प्लेअर थोडा वळवला आणि त्याच्या पाठीवरची पट्टी वाचली. मग तिने ठोकळ्याकडे पाहिलं. मग क्लाइव्हकडे.

"अमेरिकन आहे का रे हे धूड?"

"हो. म्हणून तर ट्रान्सफॉर्मर लावलाय. आम्हालाही कळतं थोडं."

"थोडंच कळतं. अरे, या ठोकळ्याने विजेचा जोर उतरला. पण त्यांची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते आणि आपली पन्नास. ही मोटार त्या हेलकाव्यांवर फिरते. तिकडे सहा फेरे मारेल तेवढ्या वेळात इथे पाच मारणार. ठोकळा त्याला काय करणार, कपाळ?"

"वॉल्सॉलची वीज असेल तसली!" कुणीतरी ओरडलं.

"मोजा की मग," रोवेना म्हणाली. तिने बशीतला कातडीचा एक कुरकुरीत तुकडा उचलला आणि फिरत्या रेकॉर्डच्या मधल्या कागदावर ठेवला. "नीट चाललेल्या प्लेअरवर मिनिटाला तेहेतीस फेरे आणि वर थोडं. हॅकेटसाहेब, तुम्ही घड्याळ धरा. तुकडा माझ्याकडे आला की सगळ्यांनी आकडा म्हणायचा."

मग सत्तेचाळीस म्हाताऱ्या माणसांनी एका डुकराच्या कातडीवर नजर लावून पाढे म्हणायला सुरुवात केली. विलेनहॉलवाल्यांनी मध्येच आकडे पळवायचा प्रयत्न केला, पण तुकडा आपल्याच चालीने येत होता आणि वॉल्सॉलवाले प्रत्येक आकडा खडसावून म्हणत होते. "पंचवीस... सव्वीस... सत्तावीस..."

"थांबा!" लेन ओरडला. घड्याळ बघून, घाई न करता, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"अठ्ठावीस धरा," मॉरिस म्हणाला.

"धरा काय धरा? भाजी घेतोयस का?" रोवेनाने रेकॉर्ड उचलली, तुकडा तोंडात टाकला आणि कोपऱ्यातल्या पबच्या प्लेअरवर रेकॉर्ड चढवली. दुसरं गाणं सुरू झालं. ते सुरू झालं म्हणेपर्यंत अर्धं झालं होतं. गायक विहिरीतून थेट झाडावर चढला होता. आणि लेन हॅकेटचे दोन्ही हात मांडीवर तडातडा चालायला लागले, एकही ठोका न चुकता.

"हां! हा मी! हा बघा मी!"

कुणी हसलं नाही. क्लाइव्ह आपल्या प्लेअरपाशी उभा होता आणि त्याच्या मनात एकेक प्रकरण कोसळत होतं. स्टेजवरची घाई. रेडिओच्या बातम्या. सीडीचं आवळणं. नवव्या प्रकरणात तर त्याने गायकाचा आवाज खोल जाण्याचं कारण त्याच्या आजीचा मृत्यू असं दिलं होतं, आणि ते लिहिताना त्याला खरंच रडू आलं होतं.

हसला तो मॉरिस. आधी खिक्‌ करून, मग पोट धरून. "एकावन्न वर्षं! लेका, एकावन्न वर्षं मोटारीचं कौतुक केलंस! चारशे बारा पानं मोटारीवर!"

"टॉन्क्स," रोवेनाने विचारलं, "तू कशावर ऐकलीस रे चौथी?"

"मी? माझ्याकडे कुठे होता प्लेअर? मी कॅसेटवर."

"कॅसेट कुणी भरून दिली?"

मॉरिसचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने क्लाइव्हकडे पाहिलं. मग मागच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, "माझीपण क्लाइव्हनेच भरून दिली होती." "माझीपण." "मी तर माझ्या भावाला त्यावरून भरून दिली." कारखान्यात चौथीपासून पुढची प्रत्येक रेकॉर्ड क्लाइव्हच्या कॅसेटवर वाजत होती. कुलपांच्या तीन पिढ्या त्या चालीवर जुळवल्या गेल्या होत्या. एका अमेरिकन मोटारीने आख्खं विलेनहॉल सावकाश केलं होतं. वॉल्सॉलच्या सात जणांना चव्वेचाळीस वर्षांचा सूड असा अचानक, आयता मिळाला, की त्यांना त्याचं काय करावं हेच सुचेना. ते एकमेकांकडे बघत पाव खात राहिले.

पैजेची आठवण मॉरिसने काढली नाही. क्लाइव्हनेच काढली. "मागे घेतो म्हणालो होतो," तो म्हणाला आणि टेबलावर रचलेली पुस्तकं उचलून परत खोक्यात घालायला लागला. एकेक प्रत, कोपरा दुमडू न देता. मॉरिसला ते बघवेना. "राहू दे की लेका," तो पुटपुटला. "मी थोडाच जिंकलोय?" क्लाइव्हचे हात थांबले नाहीत.

लेनने एक प्रत त्याच्या हातातून ओढून घेतली.

"ही माझी."

"हॅकेटसाहेब, खोटं आहे ते सगळं."

"असू दे खोटं." लेन पुन्हा आपल्या उशीवर बसला आणि पहिल्यांदाच जरा सावकाश बोलला. "पन्नास वर्षं मी एकच ऐकतोय. लेन हॅकेटच्या घाईने बँड बुडवला. माझी बायको म्हणायची, तुला थांबता आलं असतं ना लेन, तर आपलं आयुष्य वेगळं झालं असतं. मलाही तसंच वाटायचं. आज ऐकलं, तर मी थांबतोय की! काय सुंदर थांबतोय! फक्त वीज वेगळी लागत होती. ते तुमचं परत लावा बघू. तिला ऐकायला मिळालं नाही, निदान मी तरी नीट ऐकतो."

क्लाइव्हने रेकॉर्ड पुन्हा आपल्या प्लेअरवर चढवली. ठोका पडला, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. या वेळी सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं, आणि तरीही चाळीस ग्लास खाली गेले. वॉल्सॉलचेही दोन-तीन गेले. लेन डोळे मिटून बसला होता आणि त्याचे हात मांडीवर गप्प होते. गाणं संपलं तेव्हा रोवेनाने नाक ओढलं.

"वाजतं मात्र चांगलं, मेलं," ती म्हणाली. "हे धूड तुला मिळालं कुठून, फेरिडे?"

क्लाइव्ह उत्तर द्यायच्या आत पावांच्या तबकामागून आवाज आला. "मी दिलं." ग्लेनिस होती. टिन बिशपविषयी ती सार्वजनिक ठिकाणी पहिल्यांदाच बोलत होती. "साखरपुड्याला दिलं मी. माझी मावशी अमेरिकन वैमानिकाशी लग्न करून तिकडे गेली, तिने जहाजाने पाठवलं होतं. चौऱ्याहत्तरचा मार्च."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. लेन हॅकेट उठला, कोटाचं बटण लावलं आणि तिच्यापुढे किंचित वाकला.

"म्हणजे बाई, बँड तुम्ही जड केलात."

"मग पहिल्या तीन कुठे ऐकल्या होत्या?" रोवेनाने विचारलं. दुरुस्तीवाली बाई, काम अर्धवट कशी सोडेल?

"दुसरीकडे," क्लाइव्ह घाईने म्हणाला.

"पॉलीन हिंगलीच्या घरी," मॉरिसने मदत केली. "तिच्या बापाकडे नवा कोरा प्लेअर होता, इंग्लिश. आम्ही दोघं तिथेच पडीक असायचो. ग्लेनिसच्या आधी क्लाइव्हचं पॉलीनशी... पाय कशाला मारतोस? खरं तेच सांगतोय ना! त्या तीन रेकॉर्डीसुद्धा तिच्याकडेच राहिल्या. मागायला जायला तोंड होतं कुठे?"

एवढं कळल्यावर टिन बिशपचे चाहते गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. माणूस बदलल्यामुळे आवाज बदलला, हाच तर त्यांचा जन्माचा धंदा.

"म्हणजे पॉलीन गेली आणि ग्लेनिस आली, तिथेच वळण आहे," एक जण म्हणाला.

"पॉलीनच्या काळात उड्या होत्या," दुसरा म्हणाला.

"पण पोरकट."

"पोरकट असेल, जिवंतपणा होता. तीन रेकॉर्डी टिकली ती, ते काय कमी आहे?"

"मी तर म्हणतो पॉलीनला काढायलाच नको होतं," वॉल्सॉलचा एक जण तोंडात पाव असताना म्हणाला.

ग्लेनिसने तबक खाली ठेवलं.

"क्लाइव्ह."

"काय गं?"

"पॉलीनच्या घरचा आवाज बरा होता की माझ्या?"

मॉरिसने डोळे मिटून घेतले. त्याला आपला मित्र ठाऊक होता. क्लाइव्ह फेरिडे इतर बाबतीत चारचौघांसारखा खोटं बोलत असे. ग्लेनिसच्या स्वयंपाकाबद्दल, तिच्या भावाबद्दल, आपल्या रक्तदाबाबद्दल. पण टिन बिशपबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता. पाद्रीबुवांनी त्याच्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशी सहज विचारलं, सातवी रेकॉर्ड कशी वाटते, तेव्हा त्याने शवपेटीशेजारी उभं राहून ती टाकाऊ असल्याचं सप्रमाण सांगितलं होतं.

क्लाइव्ह खोक्याशी गेला. वरची प्रत त्याने बाहेर काढली, चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला, आणि पहिलं पान उघडून त्याने जसं होतं तसं वाचलं.

"'चौथीच्या आधी मी नुसता ऐकत होतो. चौथीपासून मला ऐकू यायला लागलं. त्याआधीचं मला काही परत नको आहे, आणि त्यानंतर जे मिळालं ते दुसऱ्या कशाशीही मी बदलणार नाही.'" मग त्याने वर पाहिलं. "पुढे सगळ्या पानांवर हेच आहे. पुराव्यासकट."

ग्लेनिसने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, मिटलं आणि त्याची जाडी बोटांनी चाचपून पाहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिला मुळीच आवडलेलं नव्हतं.

"मेल्या, एवढंच सांगायचं होतं तर घरात सांगायचंस ना. पुस्तक कशाला लिहिलंस?"

"मला काय माहीत?" क्लाइव्ह म्हणाला. "मला वाटलं मी ड्रमवाल्याबद्दल लिहितोय."